चाळिशीनंतरची पाळी, साखर आणि दोन गोळ्या

सोलापुरातली अशी एक बाई डोळ्यांसमोर आणा. वय ४४, घर साखर पेठेत, नवरा यंत्रमाग कारखान्यात, मुलगी बारावीला. विशीत असताना सोनोग्राफीत तिच्या अंडाशयात ‘गाठी’ असल्याचे सांगितले होते. पुढे औषधोपचाराने मूल झाले, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आणि सोनोग्राफीचा तो कागद कपाटात गेला. आता तीन-तीन महिने पाळी येत नाही, आली की दहा-दहा दिवस थांबत नाही. हनुवटीवरचे केस राठ झाले आहेत, मान काळवंडली आहे, रात्री घामाने जाग येते. शेजारच्या काकू म्हणतात, “वयच झालंय की आता, जायची वेळ आली.”

ती दवाखान्यात जाते तेव्हा तिच्या हातात दोन गोळ्या पडतात. स्त्रीरोगतज्ज्ञ गर्भनिरोधक गोळ्यांचे पाकीट लिहून देतात आणि रक्ताचे अहवाल पाहून मेटफॉर्मिनही सुरू करतात. घरी आल्यावर तिला दोन प्रश्न पडतात. ऑपरेशन झालेले असताना मूल न होण्याची गोळी कशाला? आणि डायबेटिस नसताना शुगरची गोळी कशाला? सोलापूरच काय, राज्यातल्या कोणत्याही शहरात अनेक बायका याच प्रश्नापाशी थांबतात. काही जणी दोन्ही पाकिटे बाजूला ठेवतात, काही जणी एकच घेतात. प्रश्न अगदी योग्य आहेत. त्यांची उत्तरे मात्र ओपीडीच्या गर्दीत पाच मिनिटांत मिळत नाहीत.

आधी ‘गाठीं’बद्दल. पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे पीसीओएस, या आजारात अंडाशयात दिसतात त्या गाठी नसतात. अर्धवट वाढून थांबलेल्या बीजांच्या त्या बारीक पिशव्या असतात. शिकागोतील स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ मध्ये हे चित्र प्रथम नीट मांडले. अंडाशयातले चित्र नजरेत भरले म्हणून आजाराला तेच नाव पडले आणि तिथेच घोटाळा झाला. कारण या आजाराचे मूळ बऱ्याच अंशी इन्सुलिनमध्ये आहे. शरीराच्या पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते जास्त प्रमाणात तयार करते. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरके जास्त बनवायला लावते. शिवाय ही संप्रेरके बांधून ठेवणारे एक प्रथिन यकृतात तयार होते, तेही इन्सुलिनमुळे कमी होते. मोकळी राहिलेली संप्रेरके मग हनुवटीवरचे केस, मुरुमे, डोक्यावरचे विरळ केस अशी दिसू लागतात. मानेचा काळपटपणा ही मळाची नव्हे, बहुतेकदा जादा इन्सुलिनची खूण असते. घासून तो जात नाही.

हा आजार किती जणींना आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. जुने, कडक निकष लावले तर ७.२ टक्के आणि आज सर्वाधिक वापरात असलेले रॉटरडॅम निकष लावले तर १९.६ टक्के स्त्रियांमध्ये पीसीओएस आढळला. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने १५ ते २४ वयाच्या मुलींची केलेली पाहणी २०१४ मध्ये छापून आली होती. तिच्यात रॉटरडॅम निकषांनी हे प्रमाण २२.५ टक्के होते. पण या आकड्यांतली एक गोष्ट नजरेतून सुटू नये. देशव्यापी पाहणी १८ ते ४० वयाच्या स्त्रियांची होती. एकेचाळिसाव्या वर्षी पीसीओएस काही बरा होत नाही, बाई फक्त मोजणीतून बाहेर पडते.

चाळिशीत गुंतागुंत वाढते ती इथे. भारतात पाळी जाण्याचे सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांत ते ५१ आहे. त्याआधीची काही वर्षे संप्रेरके वर-खाली होत राहतात, पाळी लांबते, कधी जास्त जाते. याच तक्रारी पीसीओएसच्याही आहेत. गंमत अशी, की पीसीओएस असलेल्या अनेक स्त्रियांची पाळी पस्तिशीनंतर उलट थोडी नियमित होते, कारण अंडाशयातल्या बीजांची गर्दी वयाबरोबर ओसरते. म्हणूनच मध्ये चांगली चाललेली पाळी पुन्हा बिघडली, तर “वय झालं” एवढ्यावर विषय सोडून देता येत नाही.

यात खरे काय पणाला लागते ते गर्भाशयाच्या आत घडते. बीज सुटले नाही की त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. इस्ट्रोजेन मात्र अस्तर जाड करत राहते. महिनोन् महिने असे चालले तर अस्तराच्या पेशी बिघडू लागतात आणि त्यातून पुढे कर्करोगही होऊ शकतो. पीसीओएस असलेल्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा दोन ते चार पट असल्याचे मानले जाते. एकूण धोका कमीच आहे, त्यामुळे घाबरून जायचे कारण नाही. पण ९० दिवसांहून अधिक काळ पाळी न येणे, किंवा आल्यावर थांबतच नसणे, याची तपासणी व्हायलाच हवी. सोनोग्राफीत अस्तराची जाडी पाहतात, गरज असेल तर अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासतात. ४५ च्या पुढे अनियमित रक्तस्राव असेल तर ही तपासणी टाळू नये. गोळ्या सुरू करायच्या त्या हे झाल्यावर. आधी गोळ्यांनी रक्तस्राव थांबवला आणि तपासणी राहूनच गेली, असे होता कामा नये.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येते. गर्भनिरोधक गोळी या बाईला मूल होऊ नये म्हणून दिलेलीच नाही. तिच्यातला प्रोजेस्टेरॉनसारखा घटक अस्तराला जाड होऊ देत नाही आणि ठरावीक दिवशी ते झडून जाते. तिच्यातले इस्ट्रोजेन पुरुषी संप्रेरकांना बांधणारे प्रथिन वाढवते, त्यामुळे केसांची वाढ आणि मुरुमे हळूहळू आटोक्यात येतात. केसांवर परिणाम दिसायला सहा महिने तरी लागतात. रात्रीचा घाम आणि अंगातून निघणाऱ्या वाफाही बऱ्याच जणींत कमी होतात. मोठ्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात असे दिसले आहे, की दर पाच वर्षांच्या वापरामागे अस्तराच्या कर्करोगाचा धोका साधारण पाव हिश्श्याने कमी होतो आणि गोळ्या बंद केल्यावरही हा फायदा बरीच वर्षे टिकतो. दुसऱ्या बाजूला, गोळ्या चालू असेपर्यंत स्तनाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो, हेही सांगायला हवे.

दुसरी गोळी मेटफॉर्मिन. तिचा माग गॅलेगा नावाच्या युरोपीय झुडपापर्यंत जातो. फ्रान्समधील डॉ. जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये ती मधुमेहासाठी वापरात आणली. यकृत रक्तात सोडत असलेली साखर ती कमी करते आणि इन्सुलिनला दाद देण्याची शरीराची क्षमता सुधारते. पीसीओएससाठी तिला बहुतेक देशांत अधिकृत परवाना नाही, तरी जगभरचे तज्ज्ञ अनुभवाने आणि पुराव्याने ती देतात. मधुमेह झाला म्हणून ती दिलेली नसते. तो लांबवावा, टाळता आला तर टाळावा, हा हेतू असतो.

मग दोन्ही एकत्र घ्यायच्या का? या दोन औषधांचे एकमेकांशी भांडण नाही. मेटफॉर्मिनवर यकृतात प्रक्रियाच होत नाही, ती मूत्रपिंडावाटे जशीच्या तशी बाहेर पडते. पण चालतात म्हणून प्रत्येकीने दोन्ही घ्याव्यात असेही नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेचा कल स्पष्ट आहे. अनियमित पाळी आणि केसांसाठी गर्भनिरोधक गोळी, साखर-वजनाच्या बाजूसाठी मेटफॉर्मिन. बीएमआय ३० पर्यंत असलेल्या स्त्रियांत दोन्ही एकत्र देऊन फारसा जादा फायदा दिसत नाही. ज्यांना मधुमेहाचा धोका जास्त आहे, त्यांना मात्र जोडीचा उपयोग होतो. बीएमआय ३० च्या वर असणे, साखर काठावर असणे, किंवा मुळातच जास्त धोका असलेल्या वंशसमूहातले असणे, हे त्यात येते.

या शेवटच्या मुद्द्यावर भारतीय बाईने थांबावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांची एक जोडगोळी वैद्यकीय जगात प्रसिद्ध आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचे छायाचित्र छापून आले. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर बारीक दिसणारा भारतीय आतून तितका बारीक नसतो. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त, २५ च्या वर स्थूलता, आणि स्त्रीच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की सावध, असे धरतात. वजन ५८ किलो असलेल्या बाईला “तुला कशाला साखर होतेय” म्हणून परत पाठवणे चुकीचे ठरते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली रक्ततपासणी तिच्याबाबत उपाशीपोटीच्या साखरेपेक्षा जास्त सांगून जाते.

चाळिशीपुढे गर्भनिरोधक गोळी वर्ज्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत केवळ वय हा अडथळा नाही. पण वयासोबत येणारे पाहुणे अडथळा ठरतात. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त, पस्तिशीनंतर धूम्रपान, डोळ्यांपुढे चमचम होऊन उठणारी अर्धशिशी, पायाच्या शिरेत पूर्वी झालेली गुठळी, मधुमेहाने डोळे-मूत्रपिंडावर झालेला परिणाम. यांपैकी काहीही असेल तर इस्ट्रोजेन असलेली गोळी सहसा देत नाहीत. गोळी न घेणाऱ्या दर १० हजार स्त्रियांपैकी वर्षाला साधारण दोघींना रक्ताची गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ५ ते ७, तर ड्रोस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल असलेल्या गोळ्यांत ९ ते १२ होते. वय आणि वजनाबरोबर ते आणखी वाढते. पिंडरी एकाएकी सुजली, दुखू लागली किंवा दम लागला तर गोळी थांबवून लगेच रुग्णालय गाठावे.

सोलापुरात आणखी एक गोष्ट विचारली गेली पाहिजे, ती म्हणजे मिश्री. विड्या वळणाऱ्या हातांच्या या शहरात तंबाखू घरात असतेच. “सिगारेट ओढता का?” या प्रश्नाला बाई खरेच “नाही” म्हणते, पण दिवसातून चार वेळा मिश्री लावते. निकोटिनने रक्तदाब आणि नाडी वाढते, म्हणून डॉक्टरांनी विचारले नाही तरी ते सांगावे.

सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या माला-एन पाकिटाकडे अनेकजणी संशयाने पाहतात. त्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनाइल इस्ट्राडायॉल ०.०३ मिलिग्रॅम असलेल्या २१ गोळ्या असतात, उरलेल्या ७ लोहाच्या. हा घटक गुठळीच्या दृष्टीने तुलनेने सुरक्षित गटातला आहे आणि महागडी गोळी पीसीओएसमध्ये सरस असल्याचे सिद्ध झालेले नाही. मात्र त्याच खिडकीवर मिळणारी ‘छाया’ ही आठवड्याची गोळी वेगळी आहे. तिच्यात संप्रेरक नसते आणि पीसीओएस असलेल्यांना ती देऊ नये अशी सूचना आहे. दोन्ही कुटुंबनियोजनाच्याच गोळ्या, म्हणून एकीच्या जागी दुसरी घेऊ नये.

तीच गोष्ट पाळी लांबवण्याच्या गोळ्यांची. गौरी-गणपती, गड्ड्याची जत्रा, पंढरीची वारी जवळ आली की मेडिकल दुकानात त्यांची मागणी वाढते. त्यातल्या नॉरइथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात इथिनाइल इस्ट्राडायॉलमध्ये बदलतो, म्हणजे गुठळीचा धोका असलेल्या बाईने जी गोळी टाळायची, तिचाच अंश मागच्या दाराने आत येतो. गर्भनिरोधक गोळी चालू असताना तर ही वेगळी गोळी घेण्याची गरजच नसते. पाळी पुढे ढकलायची असेल तर चालू पाकिटातच ते कसे जमवायचे, हे डॉक्टर सांगू शकतात.

इस्ट्रोजेन चालत नसेल तरी अस्तराचे रक्षण करता येते. दर एक ते तीन महिन्यांनी १० ते १४ दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गटातली गोळी घेणे, किंवा लेव्होनॉरजेस्ट्रेल सोडणारी ‘हार्मोनची तांबी’ बसवणे, हे पर्याय आहेत. जास्त रक्तस्राव होणाऱ्या चाळिशीतल्या बाईसाठी ही तांबी बऱ्याचदा सर्वांत सोयीची ठरते. पिशवी काढून टाकणे हा पहिला पर्याय नव्हे. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती, हे विसरू नये. शिवाय गर्भाशय काढल्याने इन्सुलिनचा प्रश्न जागचा हलत नाही.

मेटफॉर्मिन बहुतेकजणी सोडतात त्या पोटामुळे. मळमळ, जुलाब पहिल्या दोन आठवड्यांत जास्त होतात. ५०० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून एक-दोन आठवड्यांनी मात्रा वाढवली, गोळी जेवणासोबत घेतली आणि हळूहळू विरघळणारी निवडली, तर त्रास बराच कमी होतो. ती चघळू किंवा फोडू नये. उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी गेले असेल, मूत्रपिंड अधू असेल, तर डॉक्टरांना विचारून थांबवावी. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ कमी होते आणि शाकाहारी घरांत ते आधीच कमी असते, म्हणून पायांना मुंग्या येऊ लागल्या तर “साखरेनेच होतंय” असे गृहीत न धरता बी-१२ तपासावे. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर एकदम खाली जाण्याची भीती फारशी नसते. आणि ज्यांचे ऑपरेशन झालेले नाही त्यांच्यासाठी इशारा: मेटफॉर्मिनने बीज पुन्हा सुटू लागते, त्यामुळे ४३-४४ व्या वर्षीही दिवस राहू शकतात.

जेवणाबाबत मार्गदर्शिका सरळ सांगते, की पीसीओएससाठी कोणताही एक आहार इतरांहून सरस ठरलेला नाही. मंगळवेढ्याची ज्वारी आहेच. भाकरीसोबत उसळ-डाळ वाढवावी, शेंगाचटणी मोजून घ्यावी, आठवड्याला किमान १५० मिनिटे दम लागेल असे चालावे, एवढे पुष्कळ झाले.

शेवटचा पेच पाळी गेली हे ओळखायचे कसे, हा. गर्भनिरोधक गोळी चालू असताना दर महिन्याला येणारा स्राव ही खरी पाळी नसते, त्यामुळे तो येत राहतो आणि आतली पाळी केव्हा गेली ते कळत नाही. या काळात रक्तातील एफएसएचची तपासणीही भरवशाची नसते. ब्रिटनमधील मार्गदर्शिका पन्नाशीला ही गोळी थांबवायला सांगते. त्यानंतर घाम-वाफांचा त्रास राहिला तर रजोनिवृत्तीसाठीची संप्रेरके वेगळी असतात, त्यांची मात्रा कमी असते आणि ती गर्भनिरोधक नसतात. मेटफॉर्मिनला मात्र पन्नाशीची अशी रेघ नाही. ती साखर, वजन आणि मूत्रपिंडाचे अहवाल पाहून चालू राहते किंवा थांबते, आणि साखरेची तपासणी पाळी गेल्यावरही दर एक ते तीन वर्षांनी करायची असते. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना कपाटातला विशीतला सोनोग्राफीचा कागदही बरोबर न्यावा. बहुतेक डॉक्टर तो मागत नाहीत, पण पाहिला की औषध बदलते.