संदेशवहन प्रणालीतील कनेक्टर : बदलांची चाचणी व परीक्षण

प्रस्तावना

लिंक्डइन या कंपनीत विकसित झालेली व २०११ साली मुक्तस्रोत झालेली 'अपाचे काफ्का' ही सुपरिचित संदेशवहन प्रणाली होय. डेटाबेससारख्या बाह्य व्यवस्था तिच्याशी जोडणाऱ्या आज्ञावलीस कनेक्टर म्हणतात. अशा आज्ञावलींसाठी 'काफ्का कनेक्ट' ही चौकट २०१५ मध्ये उपलब्ध झाली. कनेक्टरमधील एखादा बदल निर्दोष आहे हे कसे ठरवावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दोषाचे स्वरूप

काफ्कातील संदेश डेटाबेसमध्ये लिहिणारा कनेक्टर विचारात घेऊ. संदेश कोठवर हाताळले याची नोंद, म्हणजे ऑफसेट, चौकट स्वतः ठेवते. मूळ मांडणीत दर ६० सेकंदांनी. समजा, वेग वाढावा म्हणून प्रोग्रामरने संदेश स्मृतीत साठवून हजार-हजारांच्या गटाने लिहिण्याची सोय केली. ऑफसेट नोंदविण्यापूर्वी चौकट 'फ्लश' या कार्याला हाक देते. परंतु ते मुळात रिकामे असते. त्यात साठा रिता करण्याची सूचना लिहिली नसेल, तर न लिहिलेले संदेशही लिहिले गेले असे धरले जाते. त्याच क्षणी यंत्र बंद पडल्यास ते संदेश डेटाबेसपर्यंत कधीच पोहोचत नाहीत, आणि त्रुटीचा एकही संदेश उमटत नाही.

चाचणी

बनावट डेटाबेसवरील घटक-चाचणीत प्रक्रिया मरतच नाही. त्यामुळे हा बदल तेथे सहज उत्तीर्ण होतो. म्हणून 'टेस्टकंटेनर्स'सारख्या साधनाने खरा काफ्का व खरा डेटाबेस चालवावा, अनुक्रमांक दिलेले संदेश पाठवावेत आणि ऑफसेटची नोंद होताच, साठा शिल्लक असताना, प्रक्रिया बळाने थांबवावी. शिस्तीने थांबवून उपयोग नाही. थांबताना साठा लिहिला गेला तर दोष झाकला जातो. पुन्हा सुरू केल्यावर केवळ एकूण संख्या न मोजता अनुक्रमांक ताडून पाहावेत, कारण काही संदेश गहाळ व तितकेच दुबार झाले तरी बेरीज जुळते. लेखन झाले पण ऑफसेट नोंदविला गेला नाही, तर संदेश दुबार येणारच. तेथे प्राथमिक कळीनुसार जुनी नोंद अद्ययावत करणारे लेखन हाच उपाय.

परीक्षण

परीक्षकास बदललेल्या ओळी दाखविल्या जातात. येथे दोष न बदललेल्या 'फ्लश'मध्ये आहे. म्हणून 'ऑफसेट केव्हा नोंदविला जातो?' हा प्रश्न प्रथम विचारावा. अपाचे प्रतिष्ठानच्या प्रकल्पांत अधिकृत सदस्याचे एक नकारार्थी मतही बदल रोखू शकते; मात्र त्यासोबत तांत्रिक कारण देणे बंधनकारक असते. आपल्याकडील तोंडी परीक्षेत असे कारण क्वचितच मागितले जाते. गतवर्षी एका पदव्युत्तर प्रकल्पातील असाच बदल मी स्वतः, वेग वाढला एवढ्यावरच, पूर्ण गुण देऊन स्वीकारला होता. यंदा विद्यार्थ्यांनी परीक्षकांसमोर प्रक्रिया बंद पाडून अनुक्रमांक दाखवावयाचे आहेत.