सूर्यनारायणाचा क्षोभ आणि कुलाब्याची नोंदवही

माघ शुद्ध सप्तमीचा सूर्य उगवला, की महाराष्ट्रातील घरोघरच्या अंगणांत त्याच्या स्वागताची लगबग सुरू होते. तुळशीपुढे गोवऱ्या पेटतात, बोळक्यातील दूध उगवतीच्या दिशेने उतू जाऊ दिले जाते, पाटावर रक्तचंदनाने रथारूढ सूर्य रेखाटला जातो आणि संक्रांतीपासून चाललेल्या हळदीकुंकवाच्या सोहळ्याची सांगता होते. भिवंडी तालुक्यातील दापोडे गावावरही आज तोच सूर्य उगवला आहे. एके काळी भातखाचरांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या परिसरात आता गोदामांची रांगच्या रांग उभी आहे. पूर्वी त्याची किरणे ओंब्यांवर पडत. आज ती पत्र्याच्या विस्तीर्ण छपरांवर चकाकतात. शेतकऱ्याचे पीक सूर्याच्या हाती होते, हे सांगावयास नको. परंतु गोदामातून निघालेल्या मालमोटारीची वाटही काही अंशी सूर्याच्याच मर्जीवर आहे, हे मात्र आपल्या सहसा ध्यानी येत नाही.

आपण सूर्याला नित्य, अविकारी आणि निष्कलंक मानतो. सात अश्वांचा रथ, अरुणासारखा सारथी आणि कधीही न चुकणारा प्रवास, असे त्याचे रूप आपल्या मनात ठसलेले आहे. प्रवास चुकत नाही हे खरे; परंतु त्या तेजोगोलावर अखंड खळबळ चालू असते. त्याच्या दीप्तिमान पृष्ठाचे तापमान सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस आहे. त्यावर अधूनमधून काळसर डाग उमटतात. कित्येक डाग आपल्या पृथ्वीहूनही मोठे असतात. हे डाग म्हणजे विझलेली जागा नव्हे. तेथे चुंबकीय क्षेत्र इतके प्रबळ असते, की आतून वर येणारी उष्णता अडते आणि तो भाग भोवतालापेक्षा हजार-दीड हजार अंशांनी थंड राहतो. शेजारच्या प्रखर तेजामुळेच तो काळा भासतो. डागांत चुंबकत्व असते, हे १९०८ साली अमेरिकेत जॉर्ज हेल यांनी सिद्ध केले. पुढच्याच वर्षी आपल्याकडील कोडाईकॅनॉल वेधशाळेत जॉन एव्हरशेड यांनी डागांतून बाहेरच्या बाजूस वाहणारे वायूंचे प्रवाह शोधून काढले.

डागांची संख्या साधारणतः अकरा वर्षांच्या चक्राने वाढते आणि घटते. सध्याचे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि ते कमाल अवस्थेस पोहोचल्याचे ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाले. डागांभोवतीच्या चुंबकीय रेषा पिळवटत जातात आणि ताण असह्य झाला की तुटून नव्याने जुळतात. त्या क्षणी जी ऊर्जा मोकळी होते, तीच सौरज्वाला. तिचा प्रकाश आणि क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत पृथ्वीवर येतात. त्याबरोबर कधी कधी विद्युत्भारित वायूचा एक प्रचंड लोटही अवकाशात फेकला जातो. पंधरा कोटी किलोमीटरांचे अंतर तोडण्यास त्याला बहुधा एक ते तीन दिवस लागतात. तो पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळला म्हणजे चुंबकीय वादळ उठते.

कुलाब्याची ती सकाळ

अशा वादळांच्या इतिहासातील एक अमोल पान आपल्या मुंबईत लिहिले गेले. दापोड्यापासून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरांच्या आत असलेल्या कुलाब्यास १८२६ मध्ये वेधशाळा स्थापन झाली आणि १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित मोजणी सुरू झाली. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे सूर्याची प्रतिमा पडद्यावर पाडून डागांचे चित्र काढीत होते. अकस्मात डागांच्या समूहावर दोन लख्ख ज्योती झळकल्या आणि पाचेक मिनिटांत मावळल्या. मानवाने नोंदविलेली ही पहिली सौरज्वाला.

त्यानंतर अवघ्या साडेसतरा तासांच्या सुमारास वादळ पृथ्वीवर कोसळले. त्या वेळी मुंबईत २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्याचे निरीक्षक नित्याप्रमाणे दर तासाची नोंद करीत होते. चुंबक अस्वस्थ झाल्याचे दिसताच ते काही मिनिटांच्या अंतराने आकडे टिपू लागले. दुपार होण्यापूर्वी क्षितिजसमांतर चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे नेहमीच्या मानाने शेकडा चारांच्या आसपास, खाली घसरले. युरोप-अमेरिकेत तारयंत्रे बिघडली. इंग्लंडातील वेधशाळांत प्रकाशलेखनाने उमटणारी रेषा कागदाबाहेर निघून गेली. कुलाब्याच्या वहीत मात्र आकडे क्रमाने उतरत राहिले. पुढे २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील गुरबक्षसिंग लखिना, सोबाना अलेक्स आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी त्या नोंदी अभ्यासल्या आणि १८५९ च्या वादळाचा जोर जगास अंकांत कळला. एकशे चव्वेचाळीस वर्षांनी फळास आलेले हे व्रत होते. ज्यांनी ते आचरले, त्यांना आपण काय टिपीत आहोत याची कल्पना नव्हती. टिपणे चुकवावयाचे नाही, एवढेच त्यांना ठाऊक होते.

४ फेब्रुवारी १८७२ रोजी असेच आणखी एक वादळ झाले. एरवी ध्रुवप्रदेशाचे भूषण असलेली मेरुप्रभा त्या रात्री मुंबईहूनही दिसल्याची नोंद आहे. मुंबई-एडन समुद्री तारेवरील दळणवळण काही तास विस्कळीत झाले. कुलाब्याच्या वहीत हेही वादळ उतरले आहे.

ट्राम आली, चुंबक निघाले

पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने नाजूक चुंबकसूची विचलित होणार हे उघड होते. शहरास ट्राम हवी होती आणि शास्त्रास शांतता. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत चुंबकीय विभाग अलिबागेस हलविण्यात आला. मात्र नोंदींचा धागा तुटू नये म्हणून १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी झाली. म्हणूनच कुलाबा-अलिबागची ही परंपरा जगातील दीर्घ चुंबकीय नोंदींत गणली जाते.

पुण्याचे कावसजी दादाभाई नायगांववाला यांचेही स्मरण येथे केले पाहिजे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणात त्यांनी करमाळ्याजवळील जेऊर येथे तळ ठोकून सूर्याच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली. त्यांच्या पुण्यातील वेधशाळेची दुर्बीण १९१२ मध्ये कोडाईकॅनॉलला गेली. आज त्याच पुण्यातील ‘आयुका’ या संस्थेने घडविलेली अतिनील दुर्बीण ‘आदित्य-एल१’ यानावर बसून सूर्याकडे पाहते आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे कुलाब्याच्या त्या सकाळीच्याच तारखेला, हे यान निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरांवरील आपल्या कक्षेत स्थिरावले. २२ फेब्रुवारी २०२४ ची एक प्रबळ सौरज्वाला त्याने टिपलीही.

आपला त्याच्याशी संबंध काय?

१८५९ साली माणसाजवळ बिघडण्यासारखी होती ती तारयंत्रे. आज काय काय आहे, याचा हिशेब वाचकांनीच करावा. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्यूबेक प्रांताची वीज एका चुंबकीय वादळाने दीड मिनिटात ठप्प झाली. साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात राहिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तुलनेने सौम्य वादळाने वरचे वातावरण फुगले आणि नुकतेच सोडलेले ३८ उपग्रह खाली येऊन नष्ट झाले. मे २०२४ च्या वादळात लडाखमधील हानले येथील आकाश तांबडे झाले.

आपण ध्रुवापासून दूर आहोत, म्हणून वीजवाहिन्यांना असलेला धोका आपल्याकडे कमी. परंतु विषुववृत्ताजवळच्या आकाशातील आयनांबर मुळातच चंचल असते. वादळात ते ढवळले, की उपग्रहांवरून येणारे संदेश क्षीण होतात किंवा दिशाभूल करतात. दापोड्याच्या गोदामातून सुटलेली गाडी कोठे पोहोचली हे सांगणारा संदेश याच थरातून खाली येतो. सौरवादळ थोपविणे माणसाच्या हाती नाही. परंतु वेळीच सूचना मिळाली तर उपग्रह आणि वीजयंत्रणा सावध ठेवता येतात. त्या सूचनेमागे कोणीतरी न चुकता ठेवलेली वही असते.

आज अर्घ्य देताना सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी टक लावून पाहू नये. त्याने नेत्रपटलास कायमची इजा होऊ शकते. सूर्यदर्शनाचा एक निर्धोक मार्ग दापोड्यात घराजवळच आहे. गोदामाच्या पत्र्याला खिळ्याएवढे भोक असेल, तर खाली फरशीवर प्रकाशाचा एक गोल कवडसा पडतो. तो भोकाचा आकार नव्हे. ती खुद्द सूर्याची प्रतिमा असते. दहा मीटर उंचीच्या छपराखाली ती साधारण वीतभराच्या निम्मी भरते. ग्रहणात हाच कवडसा चंद्रकोरीसारखा होतो. मुलांना तो आज दाखवावा, त्याभोवती खडूने रेघ ओढून घ्यावी आणि तो कसा सरकतो याची वेळ वहीत टिपून ठेवावयास सांगावे. उतू गेलेल्या दुधाइतकेच तेही सूर्यनारायणास पोहोचेल.