छोटे पेट्रोल इंजिन आणि रेडिओवर उडणारे विमान
फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींसाठी एक जोडकाम

पावसाळ्यात धाराशिव, कळंब, उमरगा कोठेही इंजिन दुरुस्तीच्या दुकानात जा, पाठीवरचे पेट्रोल फवारणी पंप आणि गवत कापायच्या मशिनी रांगेने ठेवलेल्या दिसतात. सोयाबीनची फवारणी संपली की ही रांग घटते. द्राक्षाच्या हंगामात थोडी वाढते आणि उन्हाळ्यात मिस्त्री हातावर हात धरून बसतो. त्यातच बॅटरीवरचे पंप गावोगाव पोचले आहेत. केंद्र सरकारने २०२३ मध्ये 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली, तिच्यात १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे ठरले. शेतकऱ्याची सोय झाली हे चांगलेच. पण ज्याचे पोट टू-स्ट्रोक इंजिनावर आहे, त्याने पुढचा विचार आजच केला पाहिजे.

हा विषय आमच्या डोक्यात आला तो एका दुकानात पाहिलेल्या प्रसंगावरून. तंत्रनिकेतनात शिकणारा एक मुलगा प्लाय आणि थर्माकोलचे, रेडिओने चालवायचे विमान घेऊन आला होता. म्हणाला, "चाचा, या ग्रासकटरचं इंजिन माझ्या विमानाला चालेल का?" मिस्त्री म्हणाले, "इंजिन मी चालू करून देतो बेटा, पण ते बसवायचं कशावर, ते आधी सांग." मुलाने घाई केली. पातळ प्लायला चार स्क्रू मारून इंजिन बसवले. ते चालू झाले, वेग घेतला आणि दहा-पंधरा सेकंदांत प्लाय चिरून इंजिन थ्रॉटलच्या तारेला लोंबू लागले. सगळे मागे उभे होते म्हणून कोणाला इजा झाली नाही. चाचांचा प्रश्न मात्र बरोबर होता. इंजिन ओळखणारे हात आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. विमानात काम बिघडते ते बैठकीत. म्हणून या लेखात आम्ही इंजिनाची निवड आणि त्याची बैठक या दोन्ही गोष्टी सविस्तर सांगणार आहोत.

नाते जुनेच आहे

मॉडेल विमानाचे पेट्रोल इंजिन ही काही परकी वस्तू नाही. जपानच्या झेनोआ कंपनीने लाकूड आणि गवत कापायच्या मशिनींची इंजिने केली, तशीच मॉडेल विमानांसाठीही केली. वाल्ब्रो पद्धतीचा पडद्याचा कार्बोरेटर दोन्हीकडे असतो. त्यात फ्लोट नसतो. क्रँककेसच्या दाबाने पडदा हलतो आणि पेट्रोल ओढले जाते. म्हणून मशीन आडवी करा की उलटी, इंजिन बंद पडत नाही. विमानाला नेमके हेच हवे असते. ज्या मिस्त्रीला पडदा बदलता येतो आणि 'एल' व 'एच' हे दोन स्क्रू कानाने लावता येतात, त्याचे निम्मे शिक्षण झालेलेच आहे.

लहान मॉडेलमध्ये मिथेनॉल, तेल आणि नायट्रोमिथेन यांच्या मिश्रणावर चालणारी ग्लो इंजिने वापरतात. त्यांचे इंधन महाग आणि आपल्या भागात मिळणे कठीण. पेट्रोल शंभरीपार गेले तरी प्रत्येक गावाच्या वेशीवर मिळते. तरीही खरे ते सांगितले पाहिजे. दोन-तीन किलोपर्यंतच्या विमानाला आज बॅटरी आणि विजेची मोटरच सोयीची. पेट्रोल इंजिनाचा फायदा दिसतो तो साधारण पाच किलोच्या पुढे.

निवड : सीसीवर जाऊ नका

पाठीवरच्या पॉवर स्प्रेचे नेहमीचे इंजिन साधारण २६ सीसीचे असते आणि ग्रासकटरचे ४३ किंवा ५२ सीसीचे. मुलांना वाटते, ४३ सीसी म्हणजे ३० सीसीपेक्षा मोठे. इथेच फसगत होते. ४३ सीसीच्या ग्रासकटरवर ताकद सुमारे सव्वा किलोवॅट, म्हणजे पावणेदोन अश्वशक्तीच्या आसपास लिहिलेली असते. विमानासाठीच बनवलेल्या चिनी डीएलई ३० सीसी इंजिनाची ताकद कंपनी ३.७ अश्वशक्ती सांगते. शिवाय ग्रासकटरच्या इंजिनावर क्लच, रस्सीचा स्टार्टर, जड मॅग्नेट आणि पत्र्याचे आवरण असते. हे ओझे उतरवल्याशिवाय ते विमानाच्या कामाचे नाही.

मोजमापाचा साधा अंदाज असा. पाच-सहा किलोच्या विमानाला २० सीसी, सात-आठ किलोला ३० सीसी आणि आठ ते दहा किलोला ५० ते ५५ सीसी. पंखा, म्हणजे प्रॉपेलर, २० सीसीला १६ इंची, ३० सीसीला १८ ते १९ इंची आणि ५५ सीसीला २२ ते २३ इंची लागतो. ही विमानासाठी बनवलेल्या इंजिनांची मापे आहेत. ग्रासकटरचे इंजिन उतरवून लावायचे तर एक पायरी खालची अपेक्षा ठेवावी.

खात्री करायची स्वस्त युक्ती म्हणजे स्प्रिंगचा काटा. विमानाची शेपटी काट्याला बांधा, काटा जमिनीत पक्क्या रोवलेल्या खुंट्याला बांधा आणि इंजिन पूर्ण वेगाने चालवा. काट्यावर जितके किलो येतील तितकी ओढ. शिकाऊ विमानाला त्याच्या वजनाच्या निम्म्याहून थोडी जास्त ओढ पुरते. कसरतीच्या विमानाला वजनापेक्षा जास्त लागते.

धाराशिव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच आहे आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. उंच आणि तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे ताकद थोडी घटते. कारखान्यातून आलेल्या स्क्रूच्या मापावर न थांबता कार्बोरेटर मैदानावरच लावावा. स्क्रू फार कसून मिश्रण कोरडे करू नये. फवारणी पंपाचा पिस्टन जसा धरतो तसाच याचाही धरतो.

बैठक : खरी परीक्षा

एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ७००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला सुमारे ११७ हिसके देते. ग्रासकटरमध्ये हे हिसके रबर आणि माणसाचे हात पितात. विमानात ते थेट लाकडात जातात.

इंजिन ज्या उभ्या पाटीवर बसते तिला फायरवॉल म्हणतात. ती चांगल्या, भरीव प्लायची असावी. मोठ्या इंजिनाला ६ मिलिमीटरचे दोन थर चिकटवून घ्यावेत. पाटी नुसती कडेला चिकटवू नये. मागच्या चारही कोपऱ्यांत तिकोनी लाकडी पट्ट्या लावाव्यात, बाजूने लाकडी खुंट्या माराव्यात आणि सावकाश सुकणारे इपॉक्सी वापरावे. पाच मिनिटांत सुकणारे येथे चालत नाही. शेवटी इपॉक्सीचा पातळ हात द्यावा, नाहीतर पेट्रोल आणि तेल लाकडात मुरून जोड सोडवते.

लाकडाचा स्क्रू इंजिनाला कधीही नको. आरपार बोल्ट, मागून टी-नट किंवा रुंद वायसर आणि नट, आणि आट्यांवर निळे लॉकटाइट, असा क्रम ठेवावा. इंजिन आणि पाटी यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचे स्पेसर घातले की पंखा नाकाच्या टोपणाबाहेर हवा तितका काढता येतो. चारही स्पेसर एकाच मापाचे हवेत. लेथवर ते काम अर्ध्या तासाचे आहे.

इंजिन अगदी सरळ बसवायचे नसते. पंख्याच्या फिरत्या हवेने विमान डावीकडे ओढले जाते, म्हणून वैमानिकाच्या बाजूने पाहता इंजिन दोन ते तीन अंश उजवीकडे आणि गरज असेल तर एखादा अंश खाली वळवतात. इंजिन वळवले की पंख्याचे केंद्र मध्यरेषेवरून सरकते. तेवढे इंजिन आधीच डावीकडे सरकवून भोके आखावीत. इंजिन, टाकी, बॅटरी सगळे जागेवर ठेवून मगच तोल पाहावा. तो पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांच्या मध्ये आला पाहिजे.

ग्रासकटरचे आवरण काढले की थंड हवेचा रस्ताही जातो. म्हणून टोपणात पुढून हवा थेट सिलिंडरच्या पात्यांवर येईल अशी वाट करावी आणि मागचे बाहेर जायचे तोंड आतल्या तोंडाच्या किमान दुप्पट ठेवावे. गरम हवा अडकली की इंजिन अडकले.

नळी, ठिणगी आणि रेडिओ

ग्लो इंजिनाची सिलिकॉनची नळी पेट्रोलमध्ये फुगते आणि गळते. पेट्रोलला टिकणारी टायगॉनसारखी नळी आणि पेट्रोलचेच बूच वापरावे. तेलाचे प्रमाण कंपनी सांगेल ते. २५ ला १ म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर, ४० ला १ म्हणजे २५ मिलिलिटर. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी ओढते, आणि पडदे व नळ्या त्यात लवकर कडक होतात. उडवून झाले की टाकी रिकामी करावी आणि कार्बोरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे. हीच सवय फवारणी पंपाच्या गिऱ्हाइकालाही लावावी.

ठिणगीच्या विजेने रेडिओत खरखर होते. ठिणगीची पेटी आणि तिची बॅटरी रिसीव्हरपासून निदान एक फूट दूर, फोममध्ये गुंडाळून ठेवावी. थ्रॉटलचा दांडा नायलॉनचा असावा, धातूवर धातू घासू नये. इंजिन बंद करायची कळ विमानावर आणि रिमोटवर दोन्हीकडे हवी. उडवण्यापूर्वी इंजिन चालू ठेवून रेडिओ किती अंतरापर्यंत पकडतो ते पाहावे.

हात सांभाळा

२२ इंची पंखा ७००० फेऱ्यांवर असतो तेव्हा त्याचे टोक सेकंदाला २०० मीटरहून जास्त वेगाने जाते. त्याच्या वाटेत बोट आले तर बोट राहत नाही. इंजिन चालू करताना एकाने शेपटी घट्ट धरावी, दुसऱ्याने जाड हातमोजा घालावा. सैल बाही, गळ्यातला रुमाल बाजूला ठेवावा. पंख्याच्या सरळ रेषेत कोणी उभे राहू नये, आणि स्क्रू लावायचे ते मागून. पंख्याला चीर दिसली तर तो मोडून टाकावा, चिकटवू नये.

कायद्याची माहितीही ठेवावी. २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानाची मर्यादा २५ किलो आहे. ते केवळ शिक्षण, संशोधन किंवा हौसेसाठी आणि नजरेच्या टप्प्यात उडवायचे. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, पण विमानतळाजवळ मर्यादा कडक होतात. धाराशिवजवळ धावपट्टी आहे, म्हणून सरकारी नकाशा पाहिल्याशिवाय विमान उडवू नये. नोंदणीचे नियमही आधी पाहावेत. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. ज्याला सुटे भाग जुळवता येतात, त्याच्या हातांना म्हणूनच किंमत आहे.

धंदा किती?

आम्ही वाचकांना खोटी आशा दाखवणार नाही. जिल्ह्यात असे विमान उडवणारे थोडे आहेत आणि एवढ्यावर घर चालणार नाही. गिऱ्हाईक म्हणजे अभियांत्रिकीचे विद्यार्थी, एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकून आलेली मुले आणि मोठ्या शहरांतले हौशी लोक. पण लेथवर स्पेसर आणि पंख्याचा हब बनवणे, पडदे बदलणे, पंख्याचा तोल साधणे, इंजिनाचा कस लावून देणे, ही कामे रिकाम्या उन्हाळ्यात करण्यासारखी आहेत. लागते ते भांडवल थोडे आणि अचूकपणा जास्त.

दुकानात बसणाऱ्या पोराला हे काम जरूर शिकवावे. शेतातल्या मशिनीत एखादा ढिला बोल्ट खपून जातो, हवेत खपत नाही. जो मुलगा चार बोल्ट विमानाच्या मापाने कसायला शिकेल, त्याच्या हातचा फवारणी पंपही परत दुकानात येणार नाही. आणि तो मुलगा पुढे बॅटरीच्या पंपाला किंवा ड्रोनलाही हात घालायला घाबरणार नाही.