फिशिंगचा इशारा : आरोपी कोण?

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखानदाराच्या दप्तरात पुष्कळदा एकच संगणक असतो. आणि जीएसटीचे विवरणपत्र, ई-वे बिल, बँकेचे व्यवहार व चाकणच्या मोठ्या कंपनीचे व्हेंडर पोर्टल ही सारी कामे त्यावरील एकाच ब्राउझरमधून चालत असल्यामुळे, ऐन बिले चढवण्याच्या वेळी अँटिव्हायरसने ‘फिशिंग संकेतस्थळ रोखले’ असा इशारा दिला की हिशेबनीस प्रथम संशय घेतो तो समोर उघडलेल्या पोर्टलचा. हा संशय बहुधा अनाठायी असतो. इशाऱ्यात नमूद केलेला पत्ता उघडलेल्या पानाचाच असेल असे नाही. पीडीएफ जोडणारे किंवा पडद्याचे चित्र टिपणारे एखादे एक्स्टेन्शन परस्पर ज्या सर्व्हरशी संधान बांधू पाहते, त्याचाही तो असू शकतो. नुसता ब्राउझर सुरू करताच, अथवा एकमेकांशी संबंध नसलेल्या पानांवर, तोच पत्ता पुनःपुन्हा येऊ लागला तर पोर्टलची निर्दोष मुक्तता करावयास हरकत नाही.

मग खापर फुटते ते ब्राउझरच्या माथी. एक्स्टेन्शन क्रोमच्याच अंतर्गत चालत असल्याने अँटिव्हायरसच्या नोंदीत नाव क्रोमचे येते. सबब क्रोम काढून पुन्हा बसवण्याचा खटाटोप होतो, आणि गुगल खात्यात लॉगिन करून सिंक चालू करताच तेच एक्स्टेन्शन बाकीच्या सरंजामासह परत दाखल होते. ‘फुल स्कॅन’मध्ये काही सापडले नाही म्हणून निश्चिंत होणेही व्यर्थ, कारण एक्स्टेन्शनच्या फायलींत आक्षेपार्ह काही न आढळताही, त्यांना हुकूम देणारा पत्ता मात्र काळ्या यादीत असू शकतो.

सर्वांत दृढमूल समज असा, की अधिकृत वेब स्टोअरमधून घेतलेली वस्तू कायमची विश्वासार्ह असते. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लोकप्रिय एक्स्टेन्शन त्याच्या मूळ कर्त्याने २०२० मध्ये विकले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने ते मालवेअर ठरवून हटवले. डिसेंबर २०२४ मध्ये तर सायबरहेवन या माहिती-सुरक्षेचाच व्यवसाय करणाऱ्या कंपनीचा कर्मचारी फिशिंगच्या ई-मेलला बळी पडला, आणि ऐन नाताळात तिच्या एक्स्टेन्शनची दूषित आवृत्ती अधिकृत मार्गानेच ग्राहकांच्या संगणकांवर आपोआप उतरली. नवी परवानगी लागत नसेल तर असे अपडेट कोणाला विचारीत नाही.

चाकणहून लॉट रिजेक्ट होऊन परत आला म्हणजे कारखानदार सारी यंत्रे भंगारात काढीत नाही. कोणत्या मशीनवर, कोणत्या पाळीत तो जॉब निघाला याचा माग काढीत तो मागे जातो. येथेही तीच रीत. नोंदीतील पत्ता व वेळ टिपून घ्यावी आणि सर्व एक्स्टेन्शन्स बंद करावीत. इशारे थांबले तर निम्मी चालू करून पाहावीत, व दोषी निम्म्याची पुन्हा विभागणी करावी. सोळा असली तरी चार फेऱ्यांत आरोपी एकटा उरतो. मात्र इशारे दोन-दोन तासांनी येत असतील तर प्रत्येक फेरीस तितका अवधी द्यावयास हवा. घाईचा तपास येथे हमखास फसतो. बंद करूनही इशारे आलेच, तर एखाद्या संकेतस्थळाला दिलेली नोटिफिकेशनची परवानगी तपासावी. डेव्हलपर मोड चालू केल्यास प्रत्येक एक्स्टेन्शनचा ३२ अक्षरी ओळखक्रमांक दिसतो; त्याच नावाच्या फोल्डरातील फायलींत टिपलेला पत्ता सापडला तर पुरावा पक्का झाला, पण न सापडल्याने कोणी निर्दोष ठरत नाही.

प्रत्येक इशारा खराच असतो असेही नाही, निरुपद्रवी पत्ताही कधी काळ्या यादीत पडतो. परंतु खातरजमा न करता त्या पत्त्याला अपवादाच्या यादीत घालून इशाऱ्याचे तोंड बंद करणे हा शुद्ध आत्मघात होय. दोषी एक्स्टेन्शन नुसते बंद न ठेवता काढून टाकावे, सर्व खात्यांतून लॉगआउट करावे, दुसऱ्या निर्धोक संगणकावरून पासवर्ड बदलावेत, आणि खात्यातून रक्कम गेली असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ फिर्याद नोंदवावी.