उताराची वीज

लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटर उंचावर आणि खोपोली त्याच्या पायाशी, साठेक मीटरवर. मधल्या साडेपाचशे मीटरच्या कड्याला आपण बोरघाट म्हणतो. चढताना गाडीचा जीव काढणारा हा कडा उतरताना काहीतरी परत देतो, आणि ते वाया जाऊ द्यायचं नाही, हा विचार या घाटात शंभर वर्षांहून जुना आहे.

१९१५ साली टाटांनी लोणावळ्याच्या तलावांमधलं पाणी नळांतून खोपोलीला उतरवलं, त्यावर वीज केली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवली. पुढे १९२८ मध्ये जी.आय.पी. रेल्वेची विजेवर चालणारी मालगाडीची इंजिनं आली. दोन्हीकडे लांब नाकाडं, मध्ये केबिन आणि चाकांना जोडलेले हलते दांडे. लोकांनी त्यांचं नाव ठेवलं ‘खेकडा’. उतारावर खेकड्याच्या मोटारी उलटं काम करत. वीज घेण्याऐवजी वीज तयार करून वरच्या तारेत सोडत, आणि ती करण्याच्या ओझ्यानेच गाडीचा वेग ताब्यात राही. त्याच वेळी दुसरी गाडी घाट चढत असली, तर उतरणाऱ्या गाडीची वीज चढणाऱ्या गाडीला मिळे. यातला एक खेकडा वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात आजही उभा आहे. मुलांना तो जरूर दाखवावा.

आज याच घाटातून उतरणारी हायब्रिड गाडी त्या खेकड्याच्याच कुळातली. टोयोटाने डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये प्रियस विकायला आणली. ताकेशी उचियामादा तिचे मुख्य अभियंता होते. तिच्या पोटात एक सुरेख यंत्र आहे: मध्ये एक दातेरी चाक, त्याभोवती फिरणारी छोटी चाकं आणि सगळ्यांना वेढणारं कडं. सूर्यमालेसारखी ही रचना. मधल्या चाकाला छोटी मोटार, भोवतालच्या चाकांच्या चौकटीला पेट्रोल इंजिन, आणि कड्याला मोठी मोटार व रस्त्यावरची चाकं. या जोडणीमुळे गाडी धावत असतानाही इंजिन थांबवता येतं. नेहमीच्या क्लचची आणि गिअर बदलण्याची गरजच उरत नाही. आपल्याकडच्या टोयोटाच्या हायब्रिड हायरायडरमध्येही याच घराण्याची यंत्रणा आहे.

खंडाळा मागे टाकून मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो. इंजिन गप्प होतं. मोठी मोटार आता जनरेटर झालेली असते आणि पडद्यावर बॅटरीची पट्टी एकेक घराने वर चढते. ब्रेक हलका दाबला तर पट्टी आणखी भराभर भरते, कारण सुरुवातीचं काम मोटारच करते. जोरात दाबला, तर मात्र उरलेली ऊर्जा ब्रेकच्या तबकड्या तापवण्यात जाते. म्हणून घाटात वळण लांबूनच ओळखावं आणि ब्रेक आधी, सावकाश लावावा.

मात्र खेकड्याला जे सुख होतं, ते हायब्रिडला नाही. त्याला वीज द्यायला तार होती आणि घ्यायला दुसरी गाडी. टाटांकडे पाणी साठवायला आख्खे तलाव. हायब्रिड एकटी, आणि तिच्याजवळ बॅटरीचा एक लोटा. हिशेबच मांडतो. गाडी आणि माणसं मिळून दीड टन वजन साडेपाचशे मीटर उतरलं, की सव्वादोन युनिट ऊर्जा सुटते. हवा आणि टायर त्यातला मोठा वाटा घेतात, तरी एक युनिट वीज सहज तयार होऊ शकते. हायरायडरची बॅटरी मात्र पाऊण युनिटाची, आणि आयुष्य टिकावं म्हणून ती कधी पूर्ण रिकामी होऊ दिली जात नाही, पूर्ण भरूही दिली जात नाही. वापरायला मिळते निम्म्याच्या आसपास. अर्धा घाट उतरेपर्यंत लोटा काठोकाठ.

मग एकाएकी इंजिन घोंघावू लागतं. नवीन मालकाला वाटतं, आता पेट्रोल जळू लागलं. तसं नसतं. साठवायला जागा न उरलेली वीज छोट्या मोटारीकडे जाते, ती मोटार इंजिनाला नुसतं फिरवते आणि इंजिन हवा दाबत गाडीला आवरतं. पेट्रोलचा थेंबही आत जात नाही. गिअरच्या दांड्यावर ‘बी’ खूण असते, ती याच कामासाठी. बॅटरीत जागा असेपर्यंत मी साधारण उतारावर ‘डी’मध्येच राहतो. पट्टी भरत आली किंवा उतार तीव्र झाला, की ‘बी’. घाटमाथ्यावर बॅटरी जितकी रिकामी, तितकं उताराचं दान पदरात जास्त. ती रिकामी करण्याचं काम चढ बहुधा स्वतःच करून ठेवतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. पेट्रोल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रलवर सोडण्याची सवय आपल्याकडे जुनी. हायब्रिडमध्ये ‘एन’ टाकलं की मोटार वीज करणं थांबवते. बॅटरी भरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. साध्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीतही गिअर ठेवून पाय काढला, तर इंजिनाला इंधन मिळणं बंद होतं. न्यूट्रलवर ते चालू राहण्यापुरतं पेट्रोल जाळतच राहतं. म्हणजे जीव धोक्यात घालून पेट्रोल जास्तच जाळायचं.

बॅटरीत जमलेल्या विजेचं मोल साधारण शंभर मिलिलिटर पेट्रोल. चढताना निव्वळ उंची गाठायला याच्या सातपट लागलं होतं. तरीही ते शंभर मिलिलिटर मला मोठं वाटतं, कारण एरवी ते ब्रेकच्या वासात उडून गेलं असतं.

घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापाशी गाड्या हळू होतात, कुणी नाणं टाकतं, कुणी नुसता हात जोडतं. तिथून पुढे खोपोली. बाजारातून गाडी इंजिन बंद ठेवून चालत असते, दोन-तीन किलोमीटर, घाटाने दिलेल्या विजेवर.