आहाराची प्रत कशी मोजावी?

रुग्ण आमच्याकडे आला की प्रथम त्याचे वजन व उंची नोंदली जाते. आकडा वाढलेला असला तर आप्तांचा ठरलेला प्रश्न येतो : "खाणे तर घरचेच आहे, मग वजन का वाढले?" आकडा बेताचा असला तर सर्वजण निश्चिंत होतात. हा प्रश्न आणि ही निश्चिंतता, दोहोंचा विचार व्हावा या हेतूने हे टिपण विश्वस्त, देणगीदार व रुग्णांच्या आप्तांपुढे ठेवीत आहोत.

काटा वजन सांगतो. ते कशाचे बनले आहे, हे सांगत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा देहभारांक दोघांचाही २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. अशा कारणांनी भारतीयांत देहभारांक २३ पासून अतिवजन आणि २५ पासून स्थूलता धरतात. कमरेचा घेर स्त्रियांत ८० व पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या पुढे जाणे ही धोक्याची खूण मानली जाते.

शरीराप्रमाणे आहारही केवळ उष्मांकांनी मोजता येत नाही. त्याच रुग्णालयाने पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास केला. त्यात बाळाच्या जन्मवेळच्या आकारमानाशी आईने घेतलेल्या एकूण उष्मांकांपेक्षा पालेभाज्या, फळे व दूध यांचा संबंध अधिक स्पष्ट आढळला.

आहाराची प्रत मोजण्याची एक सोपी रीत आहे. स्त्रियांसाठी अन्नाचे दहा गट मानतात : धान्ये व कंदमुळे; डाळी-कडधान्ये; दाणे व तेलबिया; दूधदुभते; मासे-मांस; अंडी; हिरव्या पालेभाज्या; आंबा, भोपळा, गाजर यांसारखी पिवळी-केशरी फळे व भाज्या; इतर भाज्या; इतर फळे. मागील चोवीस तासांत यांपैकी किमान पाच गट पोटात गेले पाहिजेत. पंधरा ग्रॅमहून कमी खाल्लेला पदार्थ मोजत नाहीत.

मांडवीतील एखाद्या घरचा दिवस पाहू. सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी भात, आमटी व मासे, संध्याकाळी वडापाव, रात्री पुन्हा भात व माशाचे कालवण. पोट भरले, परंतु गट धान्य, डाळ व मासे असे तीनच झाले. यात शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि एक केळे आले की पाच होतात.

मात्र या रीतीत तळलेल्या व गोड पदार्थांचा हिशेब नाही. तो २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पंचवीस गटांच्या जागतिक गुणांकात आहे. त्यात मैदा व पांढरा तांदूळ, बटाटा, गोड पेये आणि विकतचे तळण अधिक झाले की गुण घटतात. वडापावात मैदा, बटाटा व तळण तिन्ही एकत्र येतात. अशा अन्नात चोथा कमी व उष्मांक अधिक असल्याने ते लवकर संपते आणि भूक लवकर परतते. कुळथाची पिठी किंवा नाचणीची भाकरी यांनी तृप्ती अधिक काळ टिकते. अर्थात वजनवाढीस आनुवंशिकता, झोप व श्रम हीदेखील कारणे आहेत. केवळ जिभेला दोष देणे अन्यायाचे ठरेल.

आप्तांना आमची विनंती आहे की, तपासणीस येताना रुग्णाने आदल्या दिवशी जे खाल्ले ते सर्व वाटी-चमच्याच्या मापाने लिहून आणावे. चहातील साखर व येता-जाता तोंडात टाकलेले फरसाणही वगळू नये. सर्वांची पाने वाढून झाल्यावर जेवणाऱ्या गृहिणीचे पानही नोंदवावे, कारण भाजी बहुधा तिच्याच वाट्याला उरत नाही.

देणगीदारांच्या औदार्यातून यंत्रे येतात, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. या मापनास मात्र यंत्र लागत नाही. रुग्णाशेजारी बसून "काल काय जेवलात?" असे आस्थेने विचारणारा माणूस आणि त्याच्याजवळ पुरेसा वेळ लागतो. तो वेळ देता येणे हीदेखील रुग्णसेवाच आहे, असे आम्ही मानतो.