विचारांचें बळ आणि बंद दार

मनांत जसे विचार, तसें जीवन, हें वचन आपण मुलांस नित्य सांगतों. परंतु ज्याच्यासाठीं समाजानें दारेंच बंद करून ठेविलीं आहेत, त्याच्या संसारास या वचनाचा उपयोग काय? या प्रश्नाचें उत्तर शोधतांना अमेरिकेंतील जॉनी कोलमन या कृष्णवर्णीय बाईंचें चरित्र विचार करण्याजोगें आहे.

बाई मूळच्या दक्षिणेकडील. १९४३ सालीं टेक्सासमधील वायली कॉलेजची पदवी घेऊन त्या शिक्षिका झाल्या व पुढें शिकागोस आल्या. तेथें वैद्यांनीं त्यांचा रोग असाध्य ठरविला. तेव्हां त्या मिसूरी प्रांतांतील ‘युनिटी’ नामक पंथाच्या विद्यालयांत गेल्या. फिलमोर दांपत्यानें १८८९ सालीं स्थापिलेल्या या पंथाचें मत असें कीं, ईश्वर अंतरांत आहे आणि प्रार्थनेनें पालटलेलें मन देह व व्यवहार या दोहोंसही पालटतें.

परंतु ईश्वर सर्वांच्या अंतरीं आहे असें शिकविणाऱ्या त्या आवारांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांस राहण्याची मनाई होती! बाई डोळे मिटून स्वस्थ बसल्या नाहींत. त्यांनीं स्पष्ट तक्रार केली आणि राहण्याची सोय मिळविली. १९५६ सालीं दीक्षा घेऊन त्यांनीं शिकागोंत कार्य आरंभिलें. १९७४ सालीं त्या पंथांतून बाहेर पडून स्वतःची संस्था काढिली, आणि १९८५ सालीं हजारों लोक बसतील असें भव्य मंदिर उभें केलें. २०१४ सालीं त्या निवर्तल्या.

त्यांचा उपदेश परलोकाचा नव्हता. आरोग्य, उद्योग, पैसा, घरांतील वागणूक हे त्यांचे विषय. दारिद्र्य म्हणजे पुण्य नव्हे, असें त्या निक्षून सांगत. पिढ्यान्‌पिढ्या ‘तूं हीन आहेस’ हेंच ज्यांनीं ऐकिलें, त्यांस ‘तुझ्या ठायीं ईश्वर आहे’ हे शब्द औषधासारखे लागू पडले, यांत नवल नाहीं.

तथापि येथें एक धोका आहे. दारिद्र्य विचारांचें फळ मानलें, तर दरिद्र्यासच दोष लागतो. शिकागोंतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांस पेढ्या घरांसाठीं कर्ज नाकारीत. तो कांहीं त्या कुटुंबांच्या विचारांचा दोष नव्हे.

माझ्या अध्यापनाच्या काळांत ‘मला गणित येणार नाहीं’ असें म्हणणारीं मुलें मीं पुष्कळ पाहिलीं. त्यांस धीर दिल्यावांचून पाटीवर आंकडा उमटत नसे. परंतु ज्याच्या घरीं रात्रीं दिवा नाहीं, त्यास नुसता धीर देणें ही थट्टाच होय. धीरही द्यावा आणि दिव्याचीही सोय पाहावी.

कोलमन बाईंच्या चरित्रांतून मला हेंच दिसतें. प्रार्थनेनें त्यांचें मन ताठ उभें राहिलें. दार मात्र त्यांस हातानेंच ठोठवावें लागलें.